एसकेपीएम म्हणजे काय? स्केचचं प्लगइन बनवण्यापासून पब्लिश करण्यापर्यंत

फोनची भाषा मराठी करून पाहिली आहे कधी? बरीच ॲप्स नीट दिसतात, पण काहींमध्ये बटणावरचा शब्द अर्ध्यातच संपतो आणि पुढे तीन टिंबं येतात. कुठे वेलांटीचा वरचा भाग कापला जातो, कुठे उकार खालच्या ओळीत घुसतो. भाषांतर करणाऱ्याची यात चूक असतेच असं नाही. बऱ्याचदा तो स्क्रीन डिझाइन करताना कुणी मराठी शब्द टाकूनच बघितलेला नसतो. नावाच्या जागी 'जॉन डो', गावाच्या जागी 'न्यूयॉर्क' असं भरून स्क्रीन पास होतो आणि मग त्याच चौकटीत 'छत्रपती संभाजीनगर' बसवायची वेळ येते.

डिझायनरला एका क्लिकवर मराठी नावं, गावं, पत्ते भरता आले तर ही गडबड पहिल्याच दिवशी दिसेल. असं काम करणारा छोटा प्रोग्राम म्हणजे प्लगइन. स्केच या डिझाइन सॉफ्टवेअरसाठी प्लगइन बनवून ते जगाला देण्याचं टूल म्हणजे एसकेपीएम. या लेखात आपण मराठी नावं भरणारं प्लगइन डोळ्यासमोर ठेवून हे टूल समजून घेऊ.

एक गोष्ट आधीच सांगतो. इथे सगळ्या कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी अक्षरांत, स्मॉल लेटर्समध्ये टाइप करायच्या. एसकेपीएम म्हणजे एस, के, पी, एम ही चार अक्षरं, स्केच प्लगइन मॅनेजरचा शॉर्टफॉर्म. आणि हो, हे काम फोनवर होणार नाही. मॅक लागतो, कारण स्केच फक्त मॅकवर चालतं. मॅक नसेल तर काय करायचं ते शेवटी आहे.

स्केच आणि त्याची प्लगइन्स

स्केच २०१० साली आलं. त्याआधी ॲप आणि वेबसाइटचे स्क्रीन बहुतेक जण फोटोशॉपमध्ये करायचे, जे मुळात फोटोंसाठी बनलेलं. स्केच फक्त स्क्रीन डिझाइनसाठी होतं, हलकं होतं, आणि त्याला प्लगइन लिहिता यायची. त्यामुळे त्याच्याभोवती प्लगइन लिहिणाऱ्यांची मोठी गर्दी जमली.

स्केचचं प्लगइन फाइंडरमध्ये एक फाइल दिसते, पण ते असतं फोल्डर. राइट क्लिक करून 'शो पॅकेज कंटेंट्स' म्हटलं की आत जावास्क्रिप्टच्या फाइल्स, आयकॉन आणि मॅनिफेस्ट सापडतं. सुरुवातीच्या काळात हे फोल्डर लोक हाताने बनवायचे. कोड बदलला की पुन्हा लोड करा, झिप करा, कुठेतरी अपलोड करा, लिंक वाटा. नवीन व्हर्जन आली हे वापरणाऱ्याला कळायचं नाही. एसकेपीएमने हे सगळं हाताचं काम काढून घेतलं.

थांबा, प्लगइन लागतंच का?

हा प्रश्न कोड लिहिण्याआधी विचारायचा असतो. मी तो विचारला नव्हता, म्हणून मुद्दाम सांगतोय.

स्केचमध्ये २०१८ च्या ५२ व्या व्हर्जनपासून 'डेटा' नावाची सोय आहे. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये एका ओळीवर एक अशी नावं लिहा, ती फाइल स्केचच्या सेटिंगमध्ये डेटा म्हणून जोडा, टेक्स्ट लेयर सिलेक्ट करा, डेटाच्या मेनूतून ती यादी निवडा. झालं. नुसती पन्नास मराठी नावं भरायची असतील तर एवढं पुरे आहे, एकही ओळ कोड लागत नाही.

प्लगइन लागतं ते डोकं चालवायचं असेल तेव्हा. म्हणजे 'या चौकटीसाठी सगळ्यात लांब नाव दे', 'जोडाक्षरं असलेलीच नावं दे', किंवा 'आधी छोटं, मग मोठं असं आलटून पालटून दे'. आपल्याला हेच हवंय. 'रमा' आणि 'अजय' भरून काहीच कळत नाही. 'ज्योत्स्ना', 'प्रद्युम्न', 'हृषीकेश' भरले की फॉन्ट आणि चौकट दोघांची परीक्षा होते.

सेटअप

एसकेपीएम चालतं नोडवर. नोड म्हणजे ब्राउझरच्या बाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर. ते इन्स्टॉल केलं की सोबत एनपीएम येतं. मग टर्मिनलमध्ये 'एनपीएम इन्स्टॉल डॅश जी एसकेपीएम' लिहा. इथे परमिशनचा एरर आला तर इंटरनेटवर पहिला सल्ला मिळतो तो पुढे 'सूडो' लावायचा. तो टाळा. पुढे प्रत्येक वेळी सूडो लागत राहतं आणि फाइल्सची मालकी गोंधळते. त्याऐवजी एनव्हीएम वापरून नोड पुन्हा टाका.

आता 'एसकेपीएम क्रिएट' आणि पुढे प्लगइनचं नाव. समजा 'मराठी-नावे'. नाव इंग्रजी अक्षरांत, मध्ये स्पेस नको. एंटर मारलं की टूल एक तयार सांगाडा आणतं, लागणारी पॅकेजेस उतरवतं, पहिल्यांदा बिल्ड करतं आणि स्केचच्या प्लगइन फोल्डरमध्ये एक सिम्बॉलिक लिंक टाकतं. या लिंकमुळे फाइल्स कॉपी कराव्या लागत नाहीत. तुम्ही तुमच्या फोल्डरमध्ये काम करता, स्केच तिथूनच वाचतं. मेनूमधून नवीन कमांड चालवली की खिडकीच्या खाली 'इट्स अलाइव्ह' असा मेसेज येतो. पहिल्यांदा तो दिसला की भारी वाटतं, खोटं कशाला बोलू.

आपल्या कामासाठी साधा सांगाडा न घेता डेटा पुरवणाऱ्या प्लगइनचा घ्यायचा. त्यासाठी क्रिएटच्या कमांडला दोन डॅश देऊन 'टेम्पलेट' हा पर्याय जोडायचा आणि त्यात 'एसकेपीएम स्लॅश विथ-डेटासप्लायर' असं लिहायचं. खिडक्या, बटणं, फॉर्म असलेलं प्लगइन हवं असेल तर 'विथ-वेबव्ह्यू' नावाचा वेगळा सांगाडा आहे. त्यात एचटीएमएलमध्ये इंटरफेस लिहिता येतो.

फोल्डरच्या आत

दोन फाइल्स महत्त्वाच्या. पहिली 'पॅकेज डॉट जेसन'. यात प्लगइनचं नाव, व्हर्जन नंबर आणि गिटहबवरच्या रिपॉझिटरीचा पत्ता असतो. हा पत्ता आत्ताच भरून टाका, पब्लिश करताना तो लागणारच आहे.

दुसरी 'मॅनिफेस्ट डॉट जेसन'. ही स्केचसाठी असलेली ओळखपत्राची फाइल. प्लगइनमध्ये कोणत्या कमांड आहेत, प्रत्येक कमांडचा कोड कुठल्या फाइलमध्ये आहे, मेनूमध्ये काय दिसायचं, हे यात लिहितात. डेटा पुरवणाऱ्या प्लगइनमध्ये 'सप्लाइज डेटा' ही खूण खरी करून ठेवलेली असते, ती काढू नका. प्लगइनचा आयडेंटिफायर एकदा ठरवला की बदलायचा नाही. स्केच प्लगइनला ओळखतं ते यावरून. तो बदलला की जुन्या वापरणाऱ्यांच्या दृष्टीने हे दुसरंच कुणीतरी असतं.

व्हर्जन नंबर मात्र मॅनिफेस्टमध्ये हाताने लिहायची गरज नाही. बिल्ड करताना एसकेपीएम तो पॅकेजच्या फाइलमधून उचलतं.

कोड लिहिताना

कोड मोजून दोन भागांत आहे. स्केच सुरू होताना चालणारं फंक्शन 'मराठी नावं' नावाचा पुरवठादार नोंदवतं. मग डिझायनरने लेयर सिलेक्ट करून तो निवडला की स्केच तुमच्या दुसऱ्या फंक्शनला हाक मारतं आणि सांगतं, एवढ्या लेयर्स आहेत, ही चावी घे. तुम्ही प्रत्येक लेयरचा क्रमांक आणि नाव त्या चावीसोबत परत द्यायचं.

'एनपीएम रन वॉच' चालू ठेवा. फाइल सेव्ह केली की बिल्ड आपोआप होतं. पहिल्या बिल्डच्या वेळी टूल विचारतं की स्केचचा डेव्हलपर मोड चालू करू का. हो म्हणा, नाहीतर स्केच जुनाच कोड लक्षात ठेवून चालवत राहतं आणि तुम्ही तासभर 'मी बदल केलाय तरी दिसत का नाही' म्हणत बसता. कोडमधून छापलेले मेसेज बघायला दुसऱ्या टर्मिनलमध्ये 'एसकेपीएम लॉग डॅश एफ'.

इथे नवीन लोक एका ठिकाणी हमखास अडकतात. एसकेपीएम नोडवर चालतं, पण तुमचं प्लगइन नोडवर चालत नाही. ते चालतं स्केचच्या आत, मॅकच्या स्वतःच्या जावास्क्रिप्ट इंजिनवर, म्हणजे जावास्क्रिप्टकोअरवर. त्यामुळे नोडची फाइल वाचायची, पाथ जोडायची नेहमीची मॉड्यूल्स तिथे नसतात. त्यांच्या जागी एसकेपीएमच्या मंडळींनी स्केचसाठी बनवलेल्या आवृत्त्या वापरायच्या. आणि हे इंजिन मॅकओएससोबत येत असल्यामुळे तुमच्या मॅकवर चालणारी नवी सोय जुन्या मॅकवर नसू शकते. पुढची गोष्ट त्यातूनच आली आहे.

'ज्योत्स्ना' किती अक्षरांची?

तुम्ही म्हणाल दोन. ज्यो आणि त्स्ना. जावास्क्रिप्टला विचारा, ते म्हणतं दहा. कारण ते ज, हलन्त, य, ओकार, त, हलन्त, स, हलन्त, न, काना असं सुटं सुटं मोजतं. 'मराठी' तीन अक्षरांचं, जावास्क्रिप्टच्या हिशोबात पाच. 'स्त्री' एक अक्षर, हिशोबात सहा.

माझ्या पहिल्या प्लगइनमध्ये मी 'चौकट छोटी असेल तर नाव आठ अक्षरांवर काप' असा नियम टाकला होता. इंग्रजीत विचार करून. टेस्ट केली 'संदीप' आणि 'वैशाली'वर, दोन्ही आठच्या आत बसतात, सगळं छान. पॅच म्हणून पब्लिश केलं. दोन दिवसांनी ओळखीच्या एका डिझायनर ताईंचा मेसेज आला, सोबत स्क्रीनशॉट. यादीत 'ज्योत्स्' असं लिहिलेलं, शेवटी हलन्त लटकतोय. त्यांनी ते स्क्रीन पीडीएफ करून क्लायंटला पाठवलेही होते. मी त्याच रात्री दुरुस्ती पब्लिश केली, त्यांच्या स्केचमध्ये अपडेट गेलं, रिफ्रेश केल्यावर नावं नीट झाली. पण क्लायंटकडे गेलेली पीडीएफ तशीच राहिली. तिला कुठलं अपडेट पोचणार?

मग यावर उपाय काय? अक्षरं मोजायला जावास्क्रिप्टमध्ये 'इंटल सेगमेंटर' आहे, तो अक्षराच्या सीमा ओळखतो. पण जुन्या मॅकच्या इंजिनमध्ये तो नाही. आणि जिथे आहे तिथेही उत्तर एकसारखं येईलच असं नाही, कारण देवनागरी जोडाक्षर एकसंध धरायचा नियम युनिकोडमध्ये १५.१ व्या आवृत्तीत, म्हणजे २०२३ मध्ये आला. त्याआधीच्या नियमाने 'ज्योत्स्ना'चे पाच तुकडे पडतात, नव्याने दोन. म्हणून मी शेवटी कापणंच बंद केलं. आता प्लगइन नाव कापत नाही, बसेल असं दुसरं पूर्ण नाव निवडतं. डिझायनरलाही तेच हवं असतं. नाव बसत नसेल तर ते त्याला दिसलं पाहिजे, प्लगइनने लपवायचं नाही.

पब्लिश करताना नक्की काय होतं

पब्लिशची कमांड एका ओळीची आहे आणि म्हणूनच ती समजून घ्यायला हवी. 'एसकेपीएम पब्लिश' आणि पुढे 'पॅच', 'मायनर' किंवा 'मेजर'. किंवा सरळ व्हर्जनचा आकडा.

समजा तुमची व्हर्जन १.२.३ आहे. चूक दुरुस्त केली, वापरणाऱ्याला नवीन काही दिसत नाही, तर पॅच. होईल १.२.४. नवी सोय टाकली, उदाहरणार्थ नावांसोबत गावंही, पण जुनं सगळं तसंच चालतंय, तर मायनर. होईल १.३.०. जुनं काही मोडतंय, मेनू बदललाय, आधीच्या सवयी चालणार नाहीत, तर मेजर. होईल २.०.०. कापण्याचा नियम मी पॅच म्हणून ढकलला हीसुद्धा चूकच होती. वापरणाऱ्याला मिळणारी नावं बदलली होती, आणि पॅच बघून कुणी दुसऱ्यांदा तपासत नाही.

एंटर मारल्यावर एसकेपीएम व्हर्जन वाढवतं, प्लगइनची झिप करतं, गिटहबवर टॅग आणि रिलीज तयार करून ती झिप तिथे चढवतं. मग 'ॲपकास्ट' नावाची एक्सएमएल फाइल अपडेट करतं. ही छोटी फाइल फार कामाची. कुठली व्हर्जन नवीन आणि ती कुठून उतरवायची एवढंच तिच्यात असतं. वापरणाऱ्याचं स्केच ती वाचतं आणि 'अपडेट आलंय' असं दाखवतं. प्लगइन पहिल्यांदाच पब्लिश होत असेल तर स्केच प्लगइनच्या सार्वजनिक यादीत नाव घालण्यासाठी एसकेपीएम तुमच्या वतीने पुल रिक्वेस्टही उघडतं. यादीत यायचं नसेल, फक्त ऑफिसपुरतं प्लगइन असेल, तर 'स्किप-रजिस्ट्री' हा पर्याय दोन डॅश देऊन जोडा.

पब्लिशच्या आधी सगळे बदल कमिट आणि पुश करा. पब्लिश झाल्यावर गिट पुल आणि गिट स्टेटस दोन्ही बघा, म्हणजे तुमची कॉपी आणि गिटहब एकमेकांपासून तुटणार नाहीत. शक्य असेल तर झिप एखाद्या मित्राच्या मॅकवर टाकून आधी चालवून बघा.

मागे घेण्याचं बटण शोधू नका. गिटहबवरचं रिलीज डिलीट करता येतं, पण ज्यांच्या मॅकवर ते उतरलंय तिथून ते परत येत नाही. चूक झाली तर उपाय एकच, त्याहून मोठ्या नंबरची दुरुस्त व्हर्जन पब्लिश करायची.

टोकन जपून

एसकेपीएम तुमच्या गिटहब खात्यात रिलीज बनवतं, त्यासाठी त्याला परवानगी लागते. गिटहबच्या सेटिंगमधून ॲक्सेस टोकन बनवायचं, त्याला रिपॉझिटरीची परवानगी द्यायची आणि 'एसकेपीएम लॉगिन' पुढे ते टोकन पेस्ट करायचं. टूल ते मॅकच्या कीचेनमध्ये ठेवतं, त्यामुळे रोज द्यावं लागत नाही.

टोकन म्हणजे पासवर्डच समजा. ज्याच्या हातात ते पडेल तो तुमच्या नावाने कोड बदलून रिलीज काढू शकतो. कमांडसोबत लिहिलेलं टोकन टर्मिनलच्या हिस्टरीतही राहतं, तिथून ती ओळ काढून टाका. टोकनला मुदत घाला. आणि अडल्यावर ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकताना टर्मिनलमध्ये वर काय दिसतंय ते बघा. आपल्यातल्या किती जणांचं टोकन असं व्हॉट्सॲपवर पडलंय याची मोजदाद नको.

तुमच्यावर कुणीतरी विश्वास टाकतंय

फोनवरचं ॲप कॅमेरा, कॉन्टॅक्ट्स यासाठी परवानगी विचारतं. स्केचचं प्लगइन आपल्याला असं काही विचारत बसत नाही. त्याला जावास्क्रिप्टमधून मॅकच्या आतल्या सोयींपर्यंत पोचता येतं. फाइल वाचणं, लिहिणं, इंटरनेटवर पाठवणं, सगळं. प्लगइन टाकणारा माणूस तुम्हाला ओळखत नाही, तरी त्याच्या कंपनीची अजून बाजारात न आलेली डिझाइन्स असलेल्या मॅकवर तुमचा कोड चालणार असतो.

आणि तो कोडही पूर्ण तुमचा नसतो. बिल्ड करताना एसकेपीएम वेबपॅक वापरून तुम्ही घेतलेली एनपीएम पॅकेजेस एकत्र बांधतं. २०१८ मध्ये 'इव्हेंट-स्ट्रीम' या खूप वापरल्या जाणाऱ्या पॅकेजमध्ये बिटकॉइन चोरणारा कोड दुसऱ्या एका पॅकेजमार्फत घुसवला गेला होता. वापरणाऱ्या बहुतेकांना आपण ते पॅकेज वापरतोय हेही माहीत नव्हतं. म्हणून पाच ओळींच्या कामासाठी पॅकेज घेऊ नका, त्या पाच ओळी स्वतः लिहा. नावांच्या यादीसाठी इंटरनेटही लागत नाही, यादी प्लगइनमध्येच ठेवा. आणि यादीत कॉलेजच्या हजेरीपटातली खरी पूर्ण नावं कॉपी करू नका. नाव आणि आडनाव वेगवेगळ्या याद्यांतून जुळवा.

मॅक नसेल तर

मग फिग्मा. ते ब्राउझरमध्ये चालतं, आणि प्लगइन बनवण्यासाठी लागणारं त्याचं डेस्कटॉप ॲप विंडोजवरही मिळतं. प्लगइन्स तिथे २०१९ पासून आहेत. आजच्या घडीला नवीन शिकणाऱ्याला मी फिग्माच सुचवेन, कारण कॉलेजच्या लॅबमध्ये मॅक सापडणं कठीण. एसकेपीएम मात्र तिथे चालत नाही. त्याच्यासारखंच सांगाडा बनवून देणारं आणि बिल्ड करणारं 'क्रिएट-फिग्मा-प्लगइन' नावाचं कमांड-लाइन टूल आहे. फरक पब्लिशमध्ये आहे. फिग्मात पब्लिश टर्मिनलमधून होत नाही, डेस्कटॉप ॲपच्या खिडकीतून करावं लागतं, आणि पहिल्यांदा फिग्माची माणसं ते तपासतात. प्लगइनचा कोडही तिथे बंदिस्त जागेत चालतो, मॅकच्या फाइल्सपर्यंत पोचत नाही.

'ज्योत्स्ना' मात्र फिग्मातही दहाच भरते, त्यामुळे कापण्याचा कोड लिहिणार असाल तर टेस्टच्या यादीत ते नाव पहिलं ठेवा.